स्थिर खर्च उणे येतोय? सूत्राला हात लावण्याआधी बिल उघडा

गेल्या डिसेंबरात नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखानदारांचा फोन आला. वाहनांचे सुटे भाग बनवणारा छोटा कारखाना, चार प्रेस, एक कॉम्प्रेसर, पंधरा-सोळा माणसं. आवाजात काळजी होती. "ताई, विजेचा फिक्स आणि व्हेरिएबल वेगळा करायला बसलो होतो. तीनदा मांडून पाहिलं. फिक्स उणे अडतीस हजार येतोय. असं असतं का कधी?"

असं नसतं. शटर बंद ठेवलं म्हणून कोणी आपल्याला पैसे आणून देत नाही. तरी हे उत्तर मी नाशिकमध्ये इतक्यांदा पाहिलंय की आता फोनवर आकडा ऐकला तरी बिल कुठं बिघडलंय याचा अंदाज येतो. सातपूर, अंबड, सिन्नर, दिंडोरी, धंदा कुठलाही असो, दुखणं तेच असतं. म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून ठेवते. खालचे आकडे कारखान्याची ओळख पटू नये म्हणून बदललेत, पण त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं खरं आहे.

ज्यांना हा विषय नवा आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. काही खर्च पूर्ण स्थिर असतात, शेडच्या भाड्यासारखे. काही कामाबरोबर वाढतात, पत्र्यासारखे. वीज, दुरुस्ती, मालवाहतूक हे मधले. मशीन बंद असलं तरी त्यांचा एक भाग भरावा लागतो आणि उरलेला भाग कामाबरोबर चढतो. कॉस्ट अकाउंटिंगच्या पहिल्या मानकात, म्हणजे कास-1 मध्ये, या गटाला सेमी-व्हेरिएबल म्हटलंय. आपण अर्धस्थिर म्हणू. हे दोन भाग वेगळे झाले नाहीत तर कुठली ऑर्डर घ्यावी आणि कुठली सोडावी, हा निर्णय अंदाजावर जातो. या कारखानदारांचंही तेच झालं होतं. ते पुढे सांगते.

फिक्स उणे का येतो

त्यांनी हाय-लो पद्धत वापरली होती. बारा महिन्यांतला सर्वांत जास्त कामाचा आणि सर्वांत कमी कामाचा महिना घ्यायचा, खर्चातल्या फरकाला कामातल्या फरकाने भागायचं, की तासाचा बदलता दर मिळतो. त्यांचा मे महिना 2,400 मशीन-तासांचा होता आणि वहीत वीजखर्च 2,28,800 रुपये. दिवाळीचा नोव्हेंबर 1,400 तासांचा, खर्च 1,17,300. फरक 1,11,500 भागिले 1,000, म्हणजे तासाला 111.50 रुपये. मे महिन्याचे 2,400 तास गुणिले 111.50 म्हणजे 2,67,600. एकूण खर्चच 2,28,800, म्हणून स्थिर भाग उणे 38,800.

गणित बरोबर होतं. मी त्यांना म्हटलं, एक्सेल बंद करा आणि या दोन महिन्यांची मूळ बिलं फोटो काढून पाठवा.

मे महिन्याचं बिल आलं आणि पहिलं कारण पानावरच दिसलं. त्या महिन्यात 34,000 रुपये अतिरिक्त सुरक्षा ठेव भरली होती, आणि टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, ती सरळ 'वीज खर्च' या खात्यात गेली होती. ठेव ही आपली मालमत्ता आहे, तिच्यावर व्याज मिळतं. ती खर्चात धरली की खर्च फुगतो, आणि तोही नेमका जास्त कामाच्या महिन्यात फुगला की सगळा भार बदलत्या दरावर पडतो. उलटही होतं. ठेवीवरचं व्याज बिलातून वजा होऊन आलं आणि आपण उरलेली रक्कमच खर्चाला लावली, तर तो महिना खोटा स्वस्त दिसतो. मागची थकबाकी, विलंब आकार, मंजूर भारापेक्षा जास्त मागणी गेल्याचा दंड, वेळेत भरल्याची सूट, हे सगळं आधी बाजूला काढा. बिलाची भरायची रक्कम आणि त्या महिन्याचा वीजखर्च हे दोन वेगळे आकडे आहेत. हे वाक्य मी प्रत्येक नव्या अकाउंटंटला वहीच्या पहिल्या पानावर लिहायला लावते.

ठेव काढली. मे महिना 1,94,800 झाला. आता फरक 77,500, तासाला 77.50 रुपये, आणि स्थिर भाग 8,800. उणे चिन्ह गेलं, आणि बरेच जण इथेच थांबतात. थांबू नका. त्याच बिलात मागणी आकार एकट्याने 38,000 च्या आसपास होता. जो आकार मशीन न चालवताही लागतो तोच 38,000 असेल तर एकूण स्थिर भाग 8,800 कसा असेल? अर्धस्थिर खर्चांमध्ये वीज ही त्या बाबतीत फार उपकारक आहे. स्थिर भागाचा निम्मा पुरावा तिच्या बिलावर छापलेला असतो आणि आपण तो न वाचता सूत्राकडे धावतो.

दुसरं कारण नोव्हेंबरच्या बिलात होतं. रीडिंगच्या तारखा पाहा, असं मी म्हटल्यावर त्यांनी स्वतःच मोजलं: ते बिल 26 दिवसांचं होतं. सुट्टीनंतर कारखाना जोरात सुरू झाला ते शेवटचे चार दिवस पुढच्या बिलात गेले होते. मशीन-तास मात्र लॉगबुकातून पूर्ण महिन्याचे घेतलेले. त्या चार दिवसांत 250 तास काम झालं होतं. युनिटवर लागणारे दर लावून त्यांची वीज 15,500 रुपयांची निघाली. नोव्हेंबर 1,32,800 झाला.

आता पुन्हा मांडा. 1,94,800 वजा 1,32,800 म्हणजे 62,000. तासाला 62 रुपये. मे महिन्याचे 2,400 तास गुणिले 62 म्हणजे 1,48,800, स्थिर भाग 46,000. नोव्हेंबरवर ताळा करा: 1,400 गुणिले 62 म्हणजे 86,800, अधिक 46,000, बरोबर 1,32,800. मागणी आकार 38,000 आणि वरचे आठेक हजार शेडचे दिवे, ऑफिस, पाण्याचा पंप आणि पाळीभर चालू राहणारा कॉम्प्रेसर. पटण्यासारखं.

एक गोष्ट मी आधीच पाहून घेतली होती, ती सांगायला हवी. मे आणि नोव्हेंबर दोन्ही एकाच दरपत्रकातले होते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचे नवे दर मध्येच लागू झाले असतील तर जुन्या महिन्यांची युनिट्स नव्या दराने पुन्हा मांडल्याशिवाय तुलना करू नका. इंधन समायोजन आकारही महिन्यागणिक हलतो. त्यामुळे शक्य असेल तिथे मी रुपयांऐवजी आधी युनिट्सचीच फोड करते: मशीन न चालता किती युनिट जातात, तासाला किती जातात. दर नंतर लावायचे. युनिट्सना भाववाढ होत नाही.

आणि ती ऑर्डर. ऑक्टोबरात त्यांना रिकाम्या प्रेसवर महिना 300 तासांचं जॉबवर्क मिळत होतं. माल, मजुरी, डाय यांचा खर्च जाऊन तासाला 90 रुपये उरत होते. तेव्हाही त्यांनी हीच रीत वापरून विजेचा बदलता दर शंभरच्या वर धरला होता आणि तासामागे तोटा दिसला म्हणून काम नाकारलं. खरा दर 62. तासाला 28 रुपये कॉन्ट्रिब्युशन, म्हणजे स्थिर खर्च भागवायला हातात उरणारी रक्कम. महिना 8,400. ते काम दुसरीकडे गेलं. मला हे मनापासून लागतं, कारण अशा छोट्या कारखान्यात 8,400 म्हणजे एका माणसाच्या पगाराला मोठा हातभार असतो.

काम वाढलं की खर्च कमी होतो, असं दिसतंय

हे दुरुस्ती-देखभालीत हमखास होतं. हाय-लो मांडलं की बदलता दरच उणे येतो. कारण सरळ आहे: मशीन मोकळं असतं तेव्हाच आपण ते उघडतो. दिवाळीच्या सुट्टीत ओव्हरहॉलिंग, तेलबदल, बेअरिंग, पॅनेलची सफाई. म्हणजे सर्वांत कमी तासांच्या महिन्यात सर्वांत मोठं बिल. झीज मात्र आधीच्या अकरा महिन्यांच्या कामाने झालेली असते.

यावर कुठल्याच सूत्राचा इलाज नाही. आधी दुरुस्तीचं खातं फोडावं लागतं. वार्षिक करार आणि देखभालीच्या माणसाचा पगार स्थिर. तेल, फिल्टर, पट्टे ठरावीक तासांनी बदलतात, तेव्हा खरेदीच्या महिन्याऐवजी वापरलेल्या तासांवर वाटून टाका. मोठं ओव्हरहॉलिंग वर्षाच्या तासांवर पसरवा. एकाएकी मोडलेलं मशीन हा अपवाद म्हणून वेगळा ठेवा. या कामाला वेळ लागतो, पण ते वर्षातून एकदाच करायचं असतं.

इथेच जीएसटीची एक छोटी गफलतही तपासा. काही महिन्यांत दुरुस्तीचं बिल करासकट खर्चाला पडलेलं असतं, काही महिन्यांत इनपुट क्रेडिट (परत मिळणारा कर) वजा करून. 18 टक्क्यांचा फरक दोन महिन्यांमध्ये उगाच तयार होतो.

मध्येच एकदम पायरी येते

दुसरी पाळी सुरू केली की एक सुपरवायझर, एक वॉचमन आणि माणसं सोडायची गाडी वाढते. पहिल्या पाळीत 1,600 तासांपर्यंत खर्च सपाट, पुढे एकदम उडी आणि पुन्हा सपाट. याला अर्धस्थिर म्हणून सरळ रेषेत बसवू नका. हा पायरीचा खर्च आहे. सुपरवायझर अर्धा ठेवता येत नाही. पायरी कुठे आहे ते लिहा आणि तिच्या अलीकडचा-पलीकडचा हिशोब वेगळा करा.

द्राक्षाच्या शीतगृहात रेषा बसत नाही

दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंत या पट्ट्यातल्या पॅकहाऊसवाल्यांचा प्रश्न वेगळा आहे आणि मला तो जास्त विचार करायला लावतो. त्यांचा हंगाम साधारण जानेवारी ते एप्रिल. त्या महिन्यांत प्री-कूलिंग (आलेला माल झटपट थंड करणं) आणि शीतखोल्या रात्रंदिवस, बाकी वर्ष बरंचसं शांत. बारा महिन्यांचे ठिपके आलेखावर टाकले की दोन घोळके दिसतात: एक वर उजवीकडे, एक खाली डावीकडे. हाय-लो या दोन घोळक्यांमध्ये दोरी बांधतो आणि म्हणतो, हा तुमचा दर. तो दर ना हंगामाचा असतो ना बिगरहंगामाचा, कारण हंगामात खोली थंड ठेवण्याचाच एक वेगळा स्थिर खर्च सुरू होतो, पेट्या शंभर असोत की हजार. बिगरहंगामात तो खर्च मुळात नसतो.

म्हणून फक्त हंगामाचे महिने घ्या, आणि महिन्यांऐवजी आठवडे मोजा. चार महिन्यांचे सोळा-सतरा ठिपके मिळतात, ते पुरतात. त्यासाठी आठवड्याला मीटर रीडिंग स्वतः घ्यावं लागेल.

त्याहून मोठा प्रश्न म्हणजे 'काम' कशाने मोजायचं. बहुतेक जण बाहेर पाठवलेल्या पेट्या धरतात. वीज तर माल आत येताना खर्च होते. बागेतून आलेलं गरम द्राक्ष शून्याच्या आसपास नेणं हे खरं काम. बाहेर जाणाऱ्या पेटीला वीज लागत नाही. कंटेनरला उशीर झाला की माल आठवडाभर पडून राहतो, पाठवलेल्या पेट्या शून्य आणि बिल मोठं. मग 'पेट्यांचा विजेशी संबंधच नाही' असा चुकीचा निष्कर्ष निघतो. आत आलेले क्विंटल घ्या, आणि साठवणूक लांबत असेल तर पेटी-दिवस हा दुसरा मोजमाप-स्तंभ ठेवा. मार्च-एप्रिलमध्ये नाशिकची दुपार तापते तेव्हा तेवढ्याच मालाला जास्त युनिट लागतात. जानेवारीचा दर एप्रिलला लावून कोटेशन देऊ नका.

टोकाचे दोन महिनेच का?

हाय-लोची खरी दुबळी बाजू ही की बारा महिन्यांपैकी दहा महिन्यांना ती विचारतच नाही. आणि टोकाचे महिनेच बहुधा अपवादाचे असतात. बऱ्याच वर्षांची आकडेवारी घेऊन बसलेले काही जण अजूनही एप्रिल 2020 हा 'लो' महिना धरतात. 25 मार्च 2020 पासून टाळेबंदी होती. त्या महिन्याचा खर्च हा चालू कारखान्याचा नव्हेच. तसंच वाहतूकखर्चात सिंहस्थाच्या पर्वणीचे महिने. असे महिने गाळा, आणि का गाळले ते शेजारी लिहून ठेवा, नाहीतर वर्षभराने आपल्यालाच आठवत नाही.

आणखी एक. हाय आणि लो महिना कामावरून निवडायचा असतो, खर्चावरून नाही. सर्वांत मोठं बिल शोधून त्याला 'हाय' म्हणणं ही परीक्षेतही दिसणारी आणि कारखान्यातही दिसणारी चूक आहे.

माझा क्रम असा असतो: बिलं साफ केली, तारखा जुळवल्या, की आधी आलेख. ठिपके डोळ्यांनी पाहायचे. एखादा ठिपका रांगेबाहेर असेल तर त्या महिन्याचं व्हाउचर काढायचं. मग लीस्ट स्क्वेअर, म्हणजे सगळ्या ठिपक्यांच्या सर्वांत जवळून जाणारी रेषा. फ्रेंच गणिती लझांद्र याने 1805 साली धूमकेतूंच्या कक्षा काढण्यासाठी ही पद्धत छापली. ती प्रत्येक ठिपक्याच्या रेषेपासूनच्या अंतराचा वर्ग करते, आणि म्हणूनच एक घाणेरडा महिना सगळी रेषा स्वतःकडे ओढून नेतो. आधी साफसफाई, मग सूत्र, हा आग्रह त्यामुळेच. वरच्या कारखान्याचे साफ केलेले बाराही महिने घातले तेव्हा तासाला 61.30 आणि स्थिर 47,200 आलं. हाय-लोच्या उत्तराला खेटून. दोन्ही उत्तरं अशी जवळ आली की मला धीर येतो. लांब गेली तर पुन्हा व्हाउचरकडे.

एक्सेलने वेगळंच उत्तर दिलं

दोनच गोष्टी तपासा. स्लोप (तासाचा दर) आणि इंटरसेप्ट (स्थिर भाग) या सूत्रांत आधी खर्चाचा स्तंभ आणि मग कामाचा स्तंभ द्यायचा असतो. उलटे दिले तर एक्सेल तक्रार करत नाही, गुपचूप वेगळं उत्तर देतं.

दुसरी गोष्ट आलेखाची. स्कॅटर (ठिपक्यांच्या) आलेखाऐवजी लाइन आलेख निवडून त्यावर ट्रेंडलाइन टाकली, तर एक्सेल आडव्या अक्षावर तुमचे मशीन-तास धरत नाही, 1, 2, 3 असे महिन्यांचे क्रमांक धरतं. समीकरण छान दिसतं, आर-स्क्वेअरही (रेषा ठिपक्यांना किती नेमकी बसते ते सांगणारा आकडा) दिसतो, आणि ते सगळं 'महिना पुढे गेला की खर्च किती वाढला' याचं उत्तर असतं. मी हे एका पदवीधर मुलीच्या फाइलीत पाहिलं. ती दोन दिवस सूत्र शोधत होती आणि चूक आलेखाच्या प्रकारात होती.

आर-स्क्वेअर कमी आला म्हणून घाबरू नका, पण तो कमी असेल तर आधी 'काम' मोजायचं माप चुकलंय का ते पाहा. आणि रेषा जिथे ठिपके आहेत तिथेच खरी. 1,400 ते 2,400 तासांमधून काढलेले 46,000 हे या पट्ट्यात काम चालू असतानाचे स्थिर रुपये आहेत. कारखाना सहा महिने बंद ठेवला तर तेच लागतील असं नाही, कारण तेव्हा तुम्ही भारच कमी करून घ्याल.

दर महिन्याला तेच दुखणं परत येऊ नये म्हणून

दर 1 तारखेला सकाळी पाळी सुरू होण्याआधी मीटरचा फोटो. बस. एवढं एक काम वॉचमनच्या यादीत टाकलं की तारखांचा अर्धा घोळ संपतो. महिनाअखेरीला त्या रीडिंगवरून 'देय वीज खर्च' अशी तरतुदीची नोंद टाका, बिल आलं की ती उलटवा. खर्च ज्या महिन्याचा त्याच महिन्यात बसतो. टॅलीत 'वीज खर्च' हे एकच खाते न ठेवता मागणी आकार, युनिटवरचे आकार, आणि ठेव-दंड-थकबाकी अशी तीन वेगळी खाती ठेवा. बिल हातात असतानाच फोडलेलं बरं, वर्षभराने फोडायला बसलं की कागद सापडत नाहीत.

अंबडच्या त्या कारखान्यात आम्ही हे डिसेंबरपासून सुरू केलं, आणि बिल येण्याआधी आपणच आकडा लिहून ठेवायचा असं ठरवलं. डिसेंबर 2,100 तास: अंदाज 1,76,200, निघाले 1,78,900. जानेवारी 1,750 तास: अंदाज 1,54,500, निघाले 1,57,000. फेब्रुवारी 2,000 तास: अंदाज 1,70,000, निघाले 1,72,800. फरक 2,700, 2,500, 2,800. तास कमी-जास्त झाले तरी फरक तेवढाच. म्हणजे तासाचा दर बरोबर होता आणि स्थिर बाजूला काहीतरी वाढलं होतं. मी फोनवर विचारलं, मशीन एक चालो की चार, पाळीभर सारखं चालणारं काय आहे तुमच्याकडे? ते म्हणाले, कॉम्प्रेसर. संध्याकाळी सगळे प्रेस बंद करून ते हवेच्या पाइपाजवळ कान लावून फिरले. तिसऱ्या प्रेसच्या मागच्या जोडावर हवा सुटत होती. मार्चच्या पहिल्या आठवड्यात जोड बदलला. मार्चचा फरक 300 रुपये होता.